विजेच्या झटक्याचा माग काढणारा लोहारपुत्र

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नर्सी यांमुळे हा परिसर महाराष्ट्राला शतकानुशतके परिचित आहे. आता याच औंढा तालुक्यातील दुधाळ्याजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असून त्या परस्परांशी काटकोन करतील. अतिदूर कोठेतरी दोन कृष्णविवरांची टक्कर झाली, की अवकाशात उठणारी लहर या भुजांच्या लांबीत किंचित फरक पाडते. तो फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. इतके सूक्ष्म माप घ्यायचे म्हटले, की जमिनीचे कंप, वारा, रस्त्यावरची वाहने हे सारे शत्रू ठरतात. या शत्रूंमध्ये एक घरभेदीही असतो. तो म्हणजे उपकरणे चालविणारी वीज.

संगणकाच्या पेटीतील एसएमपीएस, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्यातील चिमुकले सर्किट ही सारी एकाच जातीची साधने आहेत. ती घरात येणाऱ्या विजेचे सेकंदाला हजारो, अनेकदा लाखाहून अधिक वेळा तुकडे करतात आणि हव्या त्या दाबाची वीज तयार करून देतात. यांना स्विचिंग पॉवर सप्लाय म्हणतात. ती हलकी, स्वस्त आणि काटकसरी असतात. पण प्रत्येक चालू-बंद होताना ती विजेचा एक झटका सोडतात. मिडियम वेव्हवर आकाशवाणी लावलेल्या रेडिओजवळ हलक्या दर्जाचा चार्जर नेला, की जी खरखर ऐकू येते, ती याच झटक्यांची. रेडिओला ही खरखर केवळ त्रासदायक वाटते. परंतु औंढ्यासारख्या वेधशाळेत ती मोजमापच झाकून टाकू शकते.

या झटक्याचे मूळ एका लोहाराच्या मुलाने १८३१ मध्ये लंडनच्या एका तळघरातील प्रयोगशाळेत शोधून काढले. विजेच्या मोटारीचा आणि जनित्राचा आद्य प्रवर्तक म्हणून मायकेल फॅरडे हे नाव प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. मात्र जो झटका त्यांना कीर्ती देऊन गेला, तोच आजच्या इलेक्ट्रॉनिक्सची डोकेदुखी आहे आणि त्या डोकेदुखीवरची बहुतेक औषधेही त्यांच्याच प्रयोगवहीत सापडतात, हा त्यांच्या चरित्राचा भाग फारसा सांगितला जात नाही.

पुस्तकबांधणीच्या दुकानात

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे उत्तर इंग्लंडातून पोटासाठी राजधानीत आलेले लोहार. त्यांची प्रकृती सतत ढासळलेली असे, त्यामुळे चार मुलांच्या त्या घरात चूल पेटण्याचीच भ्रांत. १८०१ च्या महागाईत लहानग्या मायकेलला आठवडाभरासाठी एक पाव मिळे आणि तो त्याने सात दिवस पुरवायचा, अशी त्या घराची स्थिती होती. शिक्षण म्हणाल तर अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी एवढेच. हे कुटुंब सँडेमनियन या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. साधी राहणी, संपत्तीविषयी अनास्था आणि सृष्टीत सर्वत्र एकच नियम नांदतो ही श्रद्धा, हे या पंथाचे संस्कार मायकेलमध्ये अखेरपर्यंत टिकले.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि वर्षभराने तेथेच सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणी शिकू लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो शिवता शिवता वाचत असे. एकदा ज्ञानकोशाचा एक खंड त्याच्या हाती आला आणि त्यातील विजेवरील लेखाने तो झपाटून गेला. जेन मार्सेट या विदुषीने सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाने त्याला प्रयोगांची गोडी लावली. वाचलेले खरे की खोटे, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. खिशातले चार पैसे वाचवून त्याने घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र बनविले. १८१२ मध्ये तांब्याची अर्धपेनीची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद एकावर एक रचून त्याने छोटी बॅटरीही तयार केली. सायंकाळी होणाऱ्या विज्ञानव्याख्यानांची एक शिलिंग फी मोठा भाऊ रॉबर्ट भरत असे. तोही लोहारच होता.

त्याच वर्षी दुकानातील एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळातील सर्वांत लोकप्रिय वैज्ञानिक वक्ते होते. मायकेलने प्रत्येक शब्द टिपला, घरी येऊन आकृत्यांसह सुवाच्य अक्षरांत उतरविला, स्वतःच्या हातांनी त्याचे पुस्तक बांधले आणि वर्षाअखेरीस ते डेव्ही यांना पाठविले. योगायोगाने प्रयोगशाळेतील एक जागा रिकामी झाली आणि १ मार्च १८१३ रोजी एकवीस वर्षांचा हा पुस्तकबांध्या आठवड्याला पंचवीस शिलिंग पगारावर डेव्ही यांचा साहाय्यक झाला. राहायला माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढची सुमारे पंचेचाळीस वर्षे त्यांचे घर आणि कामाची जागा एकाच छपराखाली राहिली.

डेव्हींच्या छायेत

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही दांपत्य युरोपच्या प्रवासाला निघाले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असतानाही नेपोलियनने डेव्ही यांना खास परवाना दिला होता. फॅरडे साहाय्यक म्हणून सोबत गेले. पण डेव्ही यांचा खासगी नोकर ऐनवेळी आला नाही आणि त्याची कामेही त्यांच्या गळ्यात पडली. लेडी डेव्ही त्यांना नोकरासारखेच वागवीत. या अपमानात दीड वर्ष काढताना त्यांनी पॅरिसमध्ये आंपेअर यांना, तर मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा यांना पाहिले. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या तरुणाला हा प्रवास विद्यापीठाच्या जागी लाभला.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ चुंबकसुई हलते, असे दाखवून दिले आणि युरोपभर खळबळ उडाली. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात उभी केलेली विद्युतप्रवाही तार चुंबकाभोवती अखंड फिरते ठेवणारे साधन बनविले. जगातील सर्व विद्युत मोटारींचा हा आरंभ. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा सेरा बर्नार्ड यांच्याशी विवाह झाला होता. या दांपत्याला अपत्य झाले नाही, पण सेरा यांनी अखेरपर्यंत त्यांना जपले.

मोटारीच्या या शोधाने कीर्तीबरोबर मनस्तापही आणला. विल्यम वुलस्टन हे ज्येष्ठ शास्त्रज्ञ अशाच कल्पनेवर विचार करीत होते आणि फॅरडे यांनी घाईने निबंध छापताना त्यांचा उल्लेख केला नाही. चौर्याची कुजबुज सुरू झाली. १८२४ मध्ये फॅरडे यांचे नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी आले, तेव्हा अध्यक्षपदी असलेल्या डेव्ही यांनीच विरोध केला. निवड झाली, परंतु मतपेटीत एक काळा गोटा पडला होता. तो कोणी टाकला, याची चर्चा फॅरडे यांनी कधी केली नाही. डेव्ही यांच्याविषयी ते जन्मभर आदरानेच बोलत. १८२९ मध्ये डेव्ही यांचे निधन झाल्यानंतरच त्यांना विजेच्या अभ्यासाकडे पूर्ण मोकळेपणाने वळता आले.

सहा इंची कडे

विजेतून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वातून वीज का मिळू नये, हा प्रश्न त्यांना दहा वर्षे छळत होता. १८२५ पासून त्यांनी अधूनमधून केलेले प्रयत्न फसले होते. एका तारेतून प्रवाह सोडायचा, शेजारच्या तारेला मापकयंत्र जोडायचे आणि सुई वळून तेथेच स्थिर होण्याची वाट पाहायची, असा तो प्रयोग होता. सुई वळत नव्हती. इतर अनेक जण अशाच स्थिर प्रवाहाच्या शोधात होते आणि तेही निराश होत होते.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडे यांनी मऊ लोखंडाचे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. त्याच्या एका बाजूस तांब्याच्या तारेचे वेढे दिले, दुसऱ्या बाजूस वेगळ्या तारेचे. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुती कापड आणि दोरा गुंडाळला. एका तारेला बॅटरी जोडली, त्या क्षणी दुसऱ्या तारेजवळची सुई थरथरली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ती हलली नाही. बॅटरी काढताच ती पुन्हा थरथरली, या वेळी उलट दिशेने.

दुसऱ्या एखाद्याने ती थरथर जोडणीतील दोष म्हणून सोडून दिली असती. फॅरडे यांनी तीच धरून ठेवली. पुढील दोन महिन्यांत त्यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून, तसेच चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून तेच दाखवून दिले. चुंबकत्व बदलत असेल तरच वीज निर्माण होते. बदल जितका वेगवान, तितका विजेचा दाब अधिक. यालाच विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी हा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. इकडे मुंबईत त्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर यांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. मराठी वृत्तपत्र आणि विजेचे युग हे असे जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

त्या कड्याला आजच्या भाषेत ट्रान्सफॉर्मर म्हणतात. स्विचिंग पॉवर सप्लायचे सारे गुपित फॅरडे यांच्या त्या एका नियमात आहे. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एवढ्या सावकाश बदलातून पुरेसा दाब मिळवायचा, तर लोखंड आणि तांबे भरपूर लागते; म्हणूनच जुन्या रेडिओतील ट्रान्सफॉर्मर हाताला जड लागत. बदलाचा वेग हजारपटीने वाढविला, की सुपारीएवढ्या फेराइटच्या गाभ्यावर तेच काम होते. परंतु नियम आपले-परके जाणत नाही. वेगाने बदलणारा तोच प्रवाह शेजारच्या प्रत्येक तारेत, सर्किटवरील प्रत्येक पट्टीत, मापकाच्या वायरमध्येही दाब निर्माण करतो. मागितलेली वीज आणि न मागितलेली खरखर ही एकाच कायद्याची दोन फळे आहेत.

याच प्रवासात फॅरडे यांना आणखी एक गोष्ट दिसली. लांब तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, की तुटलेल्या टोकांशी ठसठशीत ठिणगी पडते. बॅटरी तीच, तार तीच, पण तार सरळ ठेवली तर ठिणगी लहान आणि गुंडाळली तर मोठी. १८३४ मध्ये त्यांनी याचा कसून अभ्यास केला. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी हा परिणाम १८३२ मध्येच प्रसिद्ध केला होता आणि प्रवर्तनाच्या एककाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. वाहता प्रवाह थांबायला नकार देतो आणि थांबविणाऱ्यावर उसळतो, असे या परिणामाचे वर्णन करता येईल. पॉवर सप्लायमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला लाख वेळा प्रवाह तोडतो, तेव्हा ही उसळी प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर येते. तिला जिरविण्यासाठी अभियंते रोधक आणि कपॅसिटर यांची छोटी जोडी बसवितात किंवा चालू-बंद होण्याची धार जाणीवपूर्वक बोथट करतात. धार बोथट केली की खरखर घटते. मात्र थोडी वीज उष्णतेत वाया जाते. या दोहोंतील तडजोड हाच त्यांच्या कामाचा कस असतो.

बारा फुटांचा पिंजरा

जानेवारी १८३६ मध्ये फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात लाकडी चौकटीचा बारा फुटी घन उभा केला. त्यावर तांब्याच्या तारांची जाळी, कागद आणि कथलाचा पत्रा लावला आणि तो सारा सांगाडा जमिनीपासून विद्युतरोधकांवर अलग ठेवला. मग मोठ्या यंत्राने त्याला इतके विद्युतभारित केले, की बाहेरच्या पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागल्या. फॅरडे स्वतः पेटत्या मेणबत्त्या आणि नाजूक विद्युतमापके घेऊन आत जाऊन बसले. मापकाचे पान जराही हलले नाही. सारा विद्युतभार बाहेरच्या अंगावर राहतो आणि आतली जागा शांत असते, हे त्यांनी स्वतः आत बसून सिद्ध केले.

'फॅरडेचा पिंजरा' या नावाने ही कल्पना अमर झाली. संगणकाच्या पॉवर सप्लायभोवतीची पत्र्याची पेटी हा त्याचाच लहान अवतार. झाकणाच्या सांध्यांत फटी राहिल्या, तर उच्च वारंवारतेची खरखर तेथून निसटते, म्हणून सांधे घट्ट बसविणे महत्त्वाचे ठरते. या पिंजऱ्याची मर्यादाही आहे. सावकाश बदलणारे चुंबकत्व पातळ तांब्याला किंवा ॲल्युमिनियमला फारसे जुमानत नाही. तेथे लोखंडी कवच किंवा सरळ अंतर हाच उपाय उरतो.

पुढच्याच वर्षी त्यांनी दोन धातूंच्या मध्ये हवा, काच, लाख किंवा गंधक ठेवल्यास विद्युतभार साठविण्याची क्षमता बदलते, हे मोजून दाखविले. हे ज्ञान १८५३-५४ मध्ये अनपेक्षित ठिकाणी कामी आले. गटापर्चाने मढविलेल्या आणि पाण्यात बुडविलेल्या तारायंत्राच्या लांब केबलमधून संदेश पसरट होऊन, रेंगाळत बाहेर पडत. तार, गटापर्चा आणि भोवतीचे पाणी मिळून एक प्रचंड विद्युतसंचायक तयार होतो आणि संदेश जाण्याआधी तो भरावा लागतो, हे फॅरडे यांनी उलगडून दाखविले. पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत विद्युतधारणेच्या एककाला त्यांच्या नावावरून 'फॅरड' हे नाव मिळाले.

केबलमध्ये जो परिणाम अडचण ठरला, तोच खरखर रोखताना उपयोगी पडतो. पॉवर सप्लायमध्ये वीज जेथून आत शिरते, तेथे बसविलेले छोटे कपॅसिटर वेगवान झटक्यांना आडवाट देऊन परत फिरवितात. त्यांच्या शेजारी फेराइटचे एक कडे असते आणि त्यावर येणारी व जाणारी अशा दोन्ही तारा गुंडाळलेल्या असतात. नेहमीचा प्रवाह एका तारेतून येतो आणि दुसरीतून परततो, त्यामुळे कड्यातील दोहोंचे चुंबकत्व परस्परांना खोडते आणि वीज विनासायास वाहते. दोन्ही तारांतून एकाच दिशेने निघालेल्या खरखरीला मात्र ते कडे अडवून धरते. १८३१ च्या कड्याचे हे वंशज आता कोट्यवधी उपकरणांत आहे. तारांतून बाहेर पडणाऱ्या या खरखरीची १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत चाचणी होते आणि तिने आंतरराष्ट्रीय मर्यादा ओलांडली, तर ते उपकरण अनेक देशांत विकताच येत नाही.

बलरेषांचे चित्र

सततच्या कष्टांनी आणि बहुधा प्रयोगशाळेतील विषारी द्रव्यांनीही फॅरडे यांची प्रकृती १८४० च्या सुमारास खचली. डोके गरगरे, स्मरणशक्ती दगा देई. काल केलेला प्रयोग आज आठवत नसे. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे नोंद. प्रयोगवहीतील प्रत्येक परिच्छेदाला ते अनुक्रमांक देत आणि हे आकडे पुढे सोळा हजारांच्या वर गेले. फसलेला प्रयोगही यशस्वी प्रयोगाइतक्याच काळजीने लिहिला जाई.

१८४५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. सप्टेंबरमध्ये त्यांनी शिशाच्या जड काचेतून ध्रुवीभूत प्रकाश सोडला आणि शेजारी प्रबळ विद्युतचुंबक ठेवला. प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते प्रथमच उघड झाले. गंमत म्हणजे ही काच पंधरा वर्षांपूर्वी दुर्बिणींसाठी चांगली भिंगे बनविण्याच्या एका कंटाळवाण्या सरकारी कामातून उरलेली होती.

त्यांना गणित येत नव्हते. त्यांची सारी भिस्त चित्रावर होती. चुंबकाभोवती पसरलेला लोखंडाचा कीस ज्या वक्ररेषांत रचला जातो, त्या बलरेषा त्यांना रिकाम्या अवकाशातही खऱ्या वाटत. तारेच्या वेटोळ्यातून जितक्या बलरेषा जातात, त्यांत बदल झाला की वीज उमटते, एवढे साधे त्यांचे सूत्र होते. विद्वानांनी हे चित्र बालिश ठरविले. तरुण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी मात्र १८५० च्या दशकात त्यालाच गणिताचा पोशाख चढविला. गणितज्ञांनी आपले निष्कर्ष सामान्य भाषेतही सांगावेत, अशी विनंती वृद्ध फॅरडे यांनी त्यांना पत्रातून केली होती. आजही सर्किट आखणारा अभियंता प्रवाहाची जाणारी आणि येणारी वाट शक्य तितकी एकमेकींलगत ठेवतो, दोन तारा एकमेकींत पिळतो. मधली मोकळी जागा घटली, की तिच्यातून जाणाऱ्या बलरेषा घटतात आणि खरखरही घटते. यात समीकरणाची गरज लागत नाही, फॅरडे यांचे चित्र पुरते.

गुरुत्वाकर्षणाचा ध्यास

वीज, चुंबकत्व, प्रकाश आणि रासायनिक बल यांची परस्परांशी नाती जुळल्यावर एकच बल बाहेर राहिले. ते गुरुत्वाकर्षण. तेही या कुटुंबातलेच असले पाहिजे, असा फॅरडे यांचा दृढ विश्वास होता. १८४९ मध्ये त्यांनी प्रयोग सुरू केले. पडणाऱ्या वस्तूत वीज उमटत असेल, तर ती पकडावी म्हणून व्याख्यानगृहाच्या उंच छतापासून तारेच्या वेटोळ्यासह तांबे, बिस्मथ अशा पदार्थांचे ठोकळे खाली मऊ गादीवर सोडले जात. वेटोळ्याची टोके गॅल्व्हानोमीटरला जोडलेली असत.

सुई हलण्याचे प्रसंग आले. येथेच फॅरडे यांच्या स्वभावाची खरी परीक्षा झाली. ज्या संकेताची ते आयुष्यभर वाट पाहत होते, तोच समोर थरथरत असताना त्यांनी स्वतःवर संशय घेतला. पृथ्वी हे स्वतःच एक चुंबक आहे. तार तिच्या बलरेषांतून हलली, तरी त्यांनीच शोधलेल्या नियमानुसार वीज उमटणार. धक्क्यांनी आणि कंपनांनीही सुई हलू शकते. अशी एकेक खोटी हालचाल त्यांनी ओळखली आणि तिचा बंदोबस्त केला. सारे दोष काढून टाकल्यावर सुई स्थिर राहिली. गुरुत्वाकर्षणाचा मागमूसही उरला नाही.

नोव्हेंबर १८५० मध्ये त्यांनी हे अपयश रॉयल सोसायटीपुढे उघडपणे मांडले. पुरावा मिळाला नाही, पण असे नाते असावे ही आपली भावना मात्र कायम आहे, असे त्यांनी नमूद केले. १८५९ मध्ये, अडुसष्टीला टेकलेले असताना, ते पुन्हा या कामाला लागले. थेम्सच्या काठी लँबेथ येथे बंदुकीचे छर्रे पाडण्यासाठी बांधलेल्या मनोऱ्यावर शिशाची जड वजने चढवून-उतरवून त्यांनी वीज आणि उष्णता तपासली. पुन्हा काहीच हाती लागले नाही. या वेळचा निबंध रॉयल सोसायटीकडे गेला, पण केवळ नकारात्मक निष्कर्ष छापू नये असा सल्ला जॉर्ज स्टोक्स यांनी दिला आणि फॅरडे यांनी तो मुकाट्याने मागे घेतला.

अखेरची वर्षे

मान-सन्मानांचे त्यांना ओझेच वाटे. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी विषारी वायूची अस्त्रे बनविण्यात सहभागी होण्यासही त्यांनी नकार दिला. सल्लागार म्हणून श्रीमंत होण्याची संधी त्यांनी फार पूर्वीच सोडून दिली होती. मुलांसाठीची नाताळची व्याख्याने मात्र त्यांनी आवडीने दिली. मेणबत्ती या एका विषयावरची त्यांची व्याख्यानमाला जगभर वाचली गेली. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने प्रिन्स अल्बर्ट यांच्या सूचनेवरून त्यांना हॅम्पटन कोर्ट येथे राहायला घर दिले. तेथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या खुर्चीत बसलेले असताना त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनशेजारी विसावण्याचा मान त्यांनी आधीच नाकारला होता. हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली त्यांना ठेवण्यात आले.

त्यानंतर १४८ वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगोच्या सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरील दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. फॅरडे जे नाते शोधत होते ते हे नव्हे. पडत्या वस्तूतून वीज निर्माण होते ही त्यांची कल्पना आजवर सिद्ध झालेली नाही. पण गुरुत्वाकर्षणाचा क्षीण संकेत खोट्या हालचालींच्या गर्दीतून वेगळा काढण्याचे जे काम त्यांनी छतावरून ठोकळे सोडून आरंभले, त्याच जातीचे काम या वेधशाळांत चालते. तेथील आरसे ज्या टांगत्या रचनेवर असतात, तिच्या काही भागांवर हालचाल नियंत्रित करण्यासाठी लहान चुंबके असतात; म्हणून भोवतालच्या तारांतील बदलते चुंबकत्व त्यांना ढकलू शकते. अमेरिकेत घरगुती विजेची ६० हर्ट्झची खूण वेधशाळांच्या नोंदींत ठळक उमटते. भारतात ती ५० हर्ट्झला येणार, हे उघड आहे. तिच्या जोडीला प्रत्येक पॉवर सप्लायची स्वतःची खरखर. ती आधी ओळखायची, मग एकेक करून शांत करायची आणि उरलेले खरे की खोटे हे दुसऱ्या वेधशाळेशी ताडून पाहायचे, असा हा क्रम आहे.

औंढ्याची वेधशाळा कार्यरत होईल, तेव्हा फॅरडे यांचे नाव तेथे अक्षरशः हजर असेल. लेसरचा परतणारा प्रकाश अडविणारे 'फॅरडे आयसोलेटर' हे लायगोच्या रचनेतील अविभाज्य अंग १८४५ च्या त्या जड काचेच्या प्रयोगावर उभे आहे. कपॅसिटरवर त्यांच्या नावाचे एकक असेल, पेट्यांवर त्यांचा पिंजरा आणि तारांवर त्यांचे कडे. कृष्णविवरांचा संकेत पकडण्यासाठी रात्री जागणाऱ्या एखाद्या तरुण शास्त्रज्ञासमोर पडद्यावरची रेषा अचानक थरथरेल, तेव्हा त्याला प्रथम स्वतःच्याच उपकरणांवर संशय घ्यावा लागेल. लंडनच्या व्याख्यानगृहात अठराशे पन्नासच्या सुमारास फॅरडे यांनी हेच केले होते आणि हाती काही लागले नाही, हेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवले.